पाच मिलीची चिठ्ठी : ठाण्यातल्या एका बेबीसिटर एजन्सीचं प्रकरण

घोडबंदर रोडवर पातलीपाड्याच्या पुढे एका मोठ्या सोसायटीतलं हे घर. आई ऐरोलीला आयटी कंपनीत, वडील बीकेसीत, बाळ अकरा महिन्यांचं. बाळ सांभाळायला कळव्याहून एक मावशी यायच्या. वय ४६, शिक्षण सातवी, वेळ सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसात. त्यांना या घरी ठाण्यातल्याच एका एजन्सीने लावलं होतं. एजन्सी लहान आहे. चालवणाऱ्या बाई आधी बरीच वर्षं पाळणाघर चालवत. मी त्यांच्याकडच्या बायकांचा प्रथमोपचाराचा वर्ग घेते. हे सगळं निवळल्यावर त्यांनी प्रकरणाची फाइल माझ्यापुढे ठेवली आणि नावं वगळून लिहायला सांगितलं. मावशींचंही तेच म्हणणं होतं.

एजन्सी चांगली की नाही हे आई-वडील सहसा एका प्रश्नावर ठरवतात : पोलीस व्हेरिफिकेशन केलंय का? इथे ते केलेलं होतं, बाकीचे कागदही पुरे होते. तरीही बाळाला औषध चौपट गेलं. बाळ सुखरूप राहिलं, कारण औषध गेल्यावर दहा मिनिटांच्या आत मावशींनी स्वतःहून फोटो पाठवला. नोकरी जाईल ही भीती त्यांना होतीच, तरी त्यांनी तो पाठवला. एजन्सीच्या दर्जाबद्दल मला जे सांगायचं आहे ते या दहा मिनिटांत आहे.

त्या दिवशी काय घडलं

आदल्या रात्री बाळाला ताप होता. सकाळी सात वाजता आईने पॅरासिटामॉलचं सिरप पाच मिली दिलं आणि बाटली संपली. फ्रिजवर चुंबकाने लावलेली एक चिठ्ठी होती, दोन महिन्यांपूर्वीच्या लसीच्या वेळची : ‘ताप १०० च्या वर गेला तर ५ मिली. ६ तासांनी पुन्हा.’ औषधाचं नाव नाही, बाटली कोणती ते नाही. तेव्हा घरात एकच बाटली असल्यामुळे कुणाला गरज वाटली नव्हती.

कामावर निघण्याआधी वडील खाली मेडिकलमधून नवी बाटली घेऊन आले. दुकानात त्यांनी ब्रँडचं नाव सांगितलं आणि ‘वर्षाच्या आतल्या बाळासाठी’ असं म्हटलं. दुकानदाराने त्याच नावाचे ड्रॉप्स दिले. यात दुकानदाराचं काही चुकलं असं म्हणता येत नाही, तान्ह्या बाळांना ड्रॉप्स देतातच. पण सिरपमध्ये पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम औषध असतं (काही कंपन्यांत १२०, काही सिरपमध्ये २५०) आणि ड्रॉप्समध्ये एका मिलीतच १०० मिलिग्रॅम. एकच नाव, एकसारखा रंग, एकसारखं खोकं, आणि चमचाभर औषधात चौपट फरक. ठाण्यात काय, कुठेही घराघरांत होऊ शकणारी ही गफलत आहे. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आज आपल्या घरातल्या बाटल्या उलटून बघाव्यात.

दुपारी एकच्या सुमारास ताप १०१.४ झाला. सकाळच्या मात्रेला सहा तास झाले होते. मावशींनी चिठ्ठी पाहिली, जुन्या सिरपच्या बाटलीवरचं मोजमापाचं टोपण घेतलं, नव्या बाटलीतून पाच मिली काढलं आणि बाळाला पाजलं. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं, पण गिळलं.

बाटली जागेवर ठेवताना त्यांचं लक्ष गेलं की ती एका दमात एवढी रिकामी कशी झाली. जुनी बाटली ६० मिलीची, ही १५ मिलीची. ‘एवढीशी बाटली तीन वेळांत संपणार असेल तर दुकानवाला एवढीशी कशाला देईल?’ असं त्यांनी नंतर सांगितलं. शिकलेल्या माणसालाही चटकन सुचणार नाही असा हा विचार आहे. त्यांनी बाटली, टोपण आणि चिठ्ठी ओट्यावर शेजारी शेजारी मांडली, फोटो काढला आणि एजन्सीच्या सुपरवायझर ताईंना पाठवला. सोबत आवाजातला निरोप : ‘ताई, मी हे पाच पाजलंय. बाटली लवकर खाली झाली बघा. काही चुकलं का?’

सुपरवायझर ताई पूर्वी अंगणवाडीच्या मुख्यसेविका होत्या, निवृत्त होऊन एजन्सीत आल्या. फोटो बघताच त्यांनी मावशींना फोन लावला. पहिलं वाक्य होतं, ‘चांगलं केलंत विचारलंत ते. आता मी सांगते तेवढंच करायचं.’ दुसरं काही पाजायचं नाही. मिठाचं पाणी देऊन ओकारी काढायचा प्रयत्न करायचा नाही. बाळाला कडेवर घ्यायचं, बाळाची दवाखान्याची फाइल आणि दोन्ही बाटल्या पिशवीत घालायच्या. हे चालू असताना कार्यालयातून दुसऱ्या फोनवर आईला कॉल गेला. आई मीटिंगमध्ये, फोन उचलला नाही. वडिलांनी उचलला. बाळाच्या डॉक्टरांचा नंबर एजन्सीच्या कार्डावर होता, त्यांनाही कळवलं.

मग एक अडचण आली जी कुणी धरली नव्हती. सोसायटीच्या गेटवर ॲप आहे. घरकामाची बाई मूल घेऊन बाहेर पडत असेल तर पालकांनी ॲपमध्ये परवानगी दिल्याशिवाय सिक्युरिटी सोडत नाही. नियम योग्यच आहे, मुलांच्या सुरक्षेसाठीच आहे. पण वडील तेव्हा डॉक्टरांशी बोलत होते आणि गेटवर मावशी बाळाला घेऊन उभ्या. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू, ज्यांचं नाव एजन्सीच्या कार्डावर ‘तातडीला शेजारी’ म्हणून लिहिलेलं होतं, खाली आल्या, त्यांनी आपल्या नावावर पास काढला आणि रिक्षाने दोघी दवाखान्यात पोचल्या.

डॉक्टरांनी सगळ्यात आधी वजन घेतलं : ९ किलो. मग विचारलं, याआधीची मात्रा कधी आणि किती? सर्दीचं वेगळं औषध चालू आहे का? सर्दी-खोकल्याच्या काही औषधांतही पॅरासिटामॉल असतं, ते मिळून बेरीज वाढते, म्हणून हा प्रश्न. सर्दीचं औषध चालू नव्हतं. सकाळचे १२५ आणि दुपारचे ५०० मिळून ६२५ मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे साधारण ७० मिलिग्रॅम. एका वेळची नेहमीची मात्रा किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असते. यकृताला धोका साधारणपणे किलोमागे १५० मिलिग्रॅमच्या पुढे धरतात. बाळ त्या रेषेच्या बरंच खाली होतं. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं, चोवीस तास पॅरासिटामॉल बंद केलं, उलटी, सुस्ती किंवा दूध नाकारणं दिसलं तर लगेच या म्हणाले. तसं काही झालं नाही.

हा आकडा वाचून कुणी घरच्या घरी हिशोब करू नये. इथे वजन माहीत होतं, वेळ माहीत होती, दोन्ही बाटल्या डॉक्टरांच्या टेबलावर होत्या, म्हणून डॉक्टर ठामपणे बोलू शकले. मावशी गप्प बसल्या असत्या तर संध्याकाळी सात वाजता आईने त्याच बाटलीतून, त्याच टोपणाने, आणखी पाच मिली दिलं असतं. रात्री एकला पुन्हा. तेव्हा ही बेरीज कुठे गेली असती ते ज्याचं त्याने मांडून पाहावं.

एजन्सीने आधी काय केलं होतं

महाराष्ट्रात बाळ सांभाळणाऱ्या बायका पुरवण्याचं काम सुरू करायला फारसं काही लागत नाही. आपण ज्याला गुमास्ता म्हणतो ती दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद केली, आणि माणसं थोडी असतील तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे नुसती सूचना दिली, की पाटी लावता येते. छत्तीसगडने २०१३ साली खासगी प्लेसमेंट एजन्सींसाठी वेगळा कायदा केला. आपल्याकडे २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तो कामगारांच्या नोंदणीसाठी आणि त्यांना लाभ मिळावेत म्हणून. एजन्सीने काय शिकवावं, किती फी घ्यावी, चूक झाल्यावर कसं वागावं हे त्यात नाही. त्यामुळे दर्जा म्हणजे जो तो चालवणारा ठरवील तो.

पोलीस पडताळणीचंही तसंच. कळवा आणि घोडबंदर दोन्ही ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, त्यामुळे मावशींचं चारित्र्य प्रमाणपत्र विनासायास मिळालं होतं. ते आवश्यक आहे. नोंदलेला गुन्हा आहे की नाही हे त्यातून कळतं. बाळाच्या घशात भाकरीचा तुकडा अडकला तर ही बाई काय करील, ते त्यातून कळत नाही. एजन्सीच्या बाई म्हणूनच कागदाबरोबर राहत्या घरी जाऊन येतात, आणि आधीच्या दोन घरांना फोन करतात. त्या फोनवर त्या ‘बाई कशी होती?’ असं विचारत नाहीत, कारण सगळे ‘चांगली होती’ म्हणतात. त्या विचारतात, ‘त्यांच्या हातून झालेली एखादी चूक सांगा, आणि ती तुम्हाला कशी कळली?’ बाईने स्वतः सांगितली की कॅमेऱ्यात दिसली की शेजारणीकडून आली, या उत्तराला त्यांच्या फॉर्मवर स्वतंत्र रकाना आहे. मावशींच्या बाबतीत आधीच्या घराने सांगितलं होतं : काचेचं भांडं फुटलं, बाळ रांगत होतं, तर आधी बाळाला पाळण्यात ठेवून मग फोन केला आणि तुकडे आम्ही येईपर्यंत तसेच ठेवले. एजन्सीच्या बाई म्हणतात, ‘मी त्याच दिवशी त्यांना घेतलं.’

प्रशिक्षणात जे शिकवतात त्यातलं बरंचसं सगळीकडे सारखं असतं : बाळाला उताणं झोपवायचं, सपाट कडक गादीवर, उशी आणि जाड दुलई नको; वर्षाच्या आत मध नाही; शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षं लहान मुलांच्या हातात द्यायची नाहीत; घशात अडकलं आणि बाळ वर्षाच्या आतलं असेल तर पालथं धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब. दोन वर्षांच्या आत मोबाइल नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलेलं आहे आणि आपले बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात. काढून ठेवलेलं आईचं दूध पंचवीस अंशांपर्यंत चार तास बाहेर चालतं असं पुस्तकात असतं, पण ठाण्यात मे महिन्यात स्वयंपाकघर तेवढं थंड नसतंच, म्हणून इथे सरळ फ्रिज. हे सगळं मी वर्गात घेते आणि बायका ते लवकर शिकतात. मूल वाढवलेल्या बाईला अनेक गोष्टी आधीच माहीत असतात, काही सोडवाव्या लागतात.

अवघड भाग वेगळाच असतो. ‘चूक सांगा’ हे वर्गात म्हणणं सोपं आहे. बाईला माहीत असतं की चूक सांगितली की घर जातं, घर गेलं की महिन्याचा पगार जातो आणि सोसायटीच्या ॲपवर एक तारा मिळाला की त्या गेटमध्ये पुन्हा काम मिळत नाही. पोटावर येत असेल तिथे कुठलीही शिकवण टिकत नाही. म्हणून ही एजन्सी भरती करताना एक गोष्ट लिहून देते, मराठीत, मोठ्या अक्षरांत : स्वतःहून अर्ध्या तासाच्या आत सांगितलेल्या चुकीबद्दल एजन्सी कामावरून काढणार नाही, आणि घराने काढलं तर दुसरं घर मिळेपर्यंत ठरावीक दिवस अर्धा पगार देईल. याला अपवाद आहेत आणि तेही तिथेच लिहिलेले आहेत. मारणं, बाळाला एकटं टाकून जाणं, झोपावं म्हणून सर्दीचं औषध पाजणं, आणि लपवणं. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय आला तरी तो एजन्सीत मिटवायचा नसतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा नंबर प्रत्येक बाईच्या फोनमध्ये घालून दिलेला असतो.

आता हे पैसे कुठून येतात? इथे माझ्या मते या धंद्याची खरी मेख आहे. बहुतेक ठिकाणी घराकडून एका महिन्याच्या पगाराएवढी फी एकरकमी घेतात आणि तीन महिन्यांत बाई गेली तर बदली फुकट देतात. समजा पगार २०,००० आहे, तर फीही २०,०००. चौथ्या महिन्यात बाई सुटली तर त्याच घराकडून पुन्हा २०,०००, आणि बाई दुसऱ्या घरी लागली तर तिकडूनही. म्हणजे एजन्सीची कमाई बाई टिकण्यावर होत नाही, सुटण्यावर होते. चालवणारा कितीही सज्जन असो, महिन्याचं भाडं द्यायची वेळ आली की त्याचं मन त्या बाजूला झुकतं. या एजन्सीने सुरुवातीची फी निम्म्यावर आणली आणि बाकीची दरमहा थोडी थोडी देखरेख फी म्हणून घेते, बाई त्या घरी आहे तोपर्यंत. बाई गेली की फी थांबली. सुपरवायझर ताईंचा पगार, महिन्याची भेट आणि तो अर्ध्या पगाराचा निधी यातूनच चालतो. बाईच्या पगारातून एक रुपया कापत नाहीत, पहिला पगार अडकवून ठेवत नाहीत, मूळ आधारकार्ड ठेवून घेत नाहीत.

घरही तपासतात. बाई जेवणार कुठे, बसणार कुठे, संडास कोणता वापरणार, बाळ झोपल्यावर भांडी-लादी करायला सांगणार का, कॅमेरे कुठे आहेत आणि ते तिला सांगितलेत का. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकामगार बाईलाही लागू आहे आणि तिची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, हे घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं जातं. काही घरं तिथेच नको म्हणतात.

चौकशी

बाळ घरी आल्यावर वडिलांनी त्याच रात्री फोन केला. आवाज चढलेला होता आणि तो चढणं स्वाभाविक होतं. त्यांच्या मागण्या तीन : मावशी उद्यापासून नकोत, त्यांनी लेखी माफी द्यावी, आणि एजन्सीने त्यांना यादीतून काढावं. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिणार आणि ॲपवर रेटिंग देणार असंही ते म्हणाले. एजन्सीच्या बाईंनी पहिली मागणी तिथल्या तिथे मान्य केली. बाकीच्या दोन्हींसाठी आणि ग्रुपवर लिहिण्यासाठी ४८ तास मागितले : ‘काय घडलं ते मी तुम्हाला लेखी देते. वाचून मग तुम्हाला जे लिहायचं ते लिहा, मी अडवणार नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझर ताई मावशींना घेऊन त्या घरी गेल्या. आई घरीच थांबली होती. ओट्यावर सगळं जसंच्या तसं मांडायला सांगितलं आणि मावशींना पुन्हा तेच करायला सांगितलं, औषधाऐवजी पाणी घेऊन. मावशींनी टोपण डोळ्यांपासून हातभर लांब धरलं, पाणी ओतलं. ताईंनी सिरिंजने मोजलं तर पाच मिलीच्या जागी साडेपाच भरलं. ताईंनी विचारलं, ‘मावशी, यावरची रेघ दिसते का?’ मावशी म्हणाल्या, ‘अंदाज येतो.’

चाळिशी लागलेली होती. ४६ व्या वर्षी लागणारच. एजन्सीच्या आरोग्य तपासणीत छातीचा एक्स-रे होता, रक्त होतं, जवळची नजर नव्हती. इतकी वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नाही की थर्मामीटरचे आकडे, सिरिंजच्या रेघा, पावडरच्या डब्यावरचं माप वाचणं हे या कामाचं मूळ आहे. आजूबाजूच्या एजन्सींनाही मी विचारलं, कुठेही जवळची नजर तपासत नाहीत.

अहवालात चार गोष्टी आल्या. चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि तीव्रता नव्हती. बाटली बदलल्याचं मावशींना कुणी सांगितलं नव्हतं. जुनं टोपण घरात राहिलं होतं. आणि मावशींना रेघ दिसत नव्हती. मावशींचीही चूक स्पष्ट लिहिली होती : कुठलंही औषध देण्याआधी आईला फोटो पाठवून ‘देऊ का?’ विचारायचं, हा एजन्सीचा नियम त्यांनी मोडला. पण त्याच्या पुढच्या ओळीत हेही होतं की आईने तिसऱ्याच आठवड्यात त्यांना सांगितलं होतं, ‘मावशी, मी मीटिंगमध्ये असते, प्रत्येक वेळी विचारू नका, चिठ्ठीप्रमाणे द्या.’ आणि सर्वांत शेवटी एजन्सीची स्वतःची चूक : महिन्याच्या भेटीत ताई खाणं, झोप, दिनक्रम विचारत; औषधाचा नियम या घरात अजून पाळला जातो का, हे चार महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

हा अहवाल पाठवण्याआधी मावशींना मराठीत वाचून दाखवला. त्यांनी एक वाक्य बदलायला लावलं. ‘घाबरून फोटो पाठवला’ असं लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, ‘घाबरले होते, पण फोटो विचारायला पाठवला.’ ते बदललं. माफीनामा एजन्सीने दिला नाही. मावशींनी मात्र त्या सकाळीच आईला स्वतः म्हटलं होतं, ‘ताई, माझ्या हातून झालं, मला वाईट वाटतं.’ एजन्सीच्या बाईंचं म्हणणं होतं की तेवढं पुरे. सही केलेला माफीनामा उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात पडतो, आणि मग पुढची बाई तोंड उघडत नाही.

वडिलांनी अहवाल वाचला. ग्रुपवर लिहिलं नाही, रेटिंगही दिलं नाही. मावशी मात्र त्यांना परत नको होत्या. आईला हव्या होत्या. दोन दिवस त्या घरात त्यावरून बोलाचाली झाली आणि शेवटी बदली बाई घ्यायचं ठरलं. मला यात वडिलांना दोष द्यावासा वाटत नाही. सकाळी घराबाहेर पडताना ज्याच्या मनात तो ओटा येत राहणार, त्याच्या दृष्टीने हा निर्णय बरोबर आहे. पण जिने सगळं खरं सांगितलं तिचंच घर गेलं, ही गोष्ट उरतेच, आणि एजन्सीतल्या बाकीच्या बायकांना दुसऱ्याच दिवशी ती कळलेली असते. कळव्यात, विटाव्यात, दिव्यात राहणाऱ्या या बायका एकाच लोकलला असतात.

नंतर

मावशींना अर्धा पगार मिळाला, वेळेवर, रोख न देता खात्यात. चष्मा एजन्सीने करून दिला. पुढच्या घराला हे प्रकरण सांगायचं की नाही, यावर एजन्सीत एकमत नव्हतं. सुपरवायझर ताई म्हणत होत्या, सांगितलं तर कोण घेईल? एजन्सीच्या बाई म्हणाल्या की आपण आधीच्या घरांना चुका विचारतो आणि आपल्याकडचीच लपवतो, हे चालणार नाही. मावशींना विचारलं, त्या ‘सांगा’ म्हणाल्या. पहिल्या घराने अहवाल वाचून नकार कळवला. दुसरं घर कोपरखैरण्याचं, दोघं नवरा-बायको, त्यातली बायको फार्मासिस्ट. तिने अहवाल वाचून एकच प्रश्न विचारला, ‘बाटली लहान आहे म्हणून शंका आली, हे त्यांचं त्यांना सुचलं?’ मावशी आता तिथे आहेत. कळव्याहून ठाणे आणि तिथून ट्रान्स-हार्बरने जातात, प्रवास घोडबंदरपेक्षा कमी त्रासाचा आहे असं म्हणतात.

महिन्याच्या बैठकीत हे प्रकरण मावशींनी स्वतः सांगितलं. मी तिथे होते. त्यांनी बाटल्या आणल्या होत्या. प्रत्येकीला ड्रॉप्सच्या आणि सिरपच्या बाटल्यांवरचा आकडा वाचायला लावला, आणि निम्म्या बायकांनी हात लांब केले. त्याच बैठकीत नजरेचा तक्ता फिरवला. बैठक संपताना एकीने सांगितलं की मागच्या आठवड्यात बाळ पलंगावरून पडलं होतं, खरचटलं नाही म्हणून बोलले नाही. दुसरीने अंघोळीच्या पाण्याचं सांगितलं. त्यानंतर एजन्सीच्या वहीत चुकांच्या नोंदी वाढल्या. बाईंना सुरुवातीला धास्ती वाटली की हे आकडे कुणी ग्राहकाने मागितले तर? मला या वाढीचा आनंद झाला, आणि तो मी त्यांना बोलून दाखवला. पडणं, भाजणं, चुकीची मात्रा हे आधीही होतच होतं. आता ते वहीत येतं, म्हणून त्यावर काही करता येतं.

नियमांत बदल थोडेच झाले. औषधाची चिठ्ठी आता एजन्सीच्या छापील कार्डावर : नाव, एका मिलीत किती मिलिग्रॅम, सिरिंजने किती, बाळाचं वजन, वजनाची तारीख, डॉक्टरांची सही. वजन तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल तर कार्ड बाद. टोपणं आणि चमचे बंद, फक्त सिरिंज, आणि ठरलेल्या मापावर रंगीत चिकटपट्टी. नवी बाटली आली की जुनी घरातून बाहेर. सोसायटीच्या ॲपमध्ये तातडीच्या शेजाऱ्याला बाळ बाहेर नेण्याची परवानगी पहिल्याच दिवशी घालून घ्यायची. कामाच्या वेळेत उचलला जाईलच असा एक नंबर घराने द्यायचा, आजीचा, मामाचा, कुणाचाही. तो नसेल तर त्या घरी बाई लावायची नाही.

या शेवटच्या अटीवर काही घरं नाराज होतात. प्रसूतीची रजा २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवडे झाली, त्यातले ८ पर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे आई कामावर परतते तेव्हा बाळ जेमतेम चार ते सहा महिन्यांचं असतं. वरचं अन्न सुरू होत असतं, बाहेरचा संसर्ग लागायला लागलेला असतो, तापाची पहिली फेरी याच काळात येते. त्याच वेळी ऑफिसमध्ये स्वतःला पुन्हा सिद्ध करायचा दबाव आईवर सगळ्यात जास्त असतो. फोन उचलता येत नाही ही तिची बेपर्वाई नाही. पण तो कुणीतरी उचललाच पाहिजे, आणि तो बाळाच्या वडिलांनी उचलायला काय हरकत आहे, हे मला एजन्सीच्या फॉर्मवर ठळक छापलेलं बघायला आवडेल. सध्या फॉर्मवर पहिला नंबर आईचाच मागतात.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. सहा-आठ महिने सुरळीत गेले की काही घरं देखरेख फी बंद करतात : ‘आता मावशी घरच्याच झाल्या, तुमच्या भेटीची गरज नाही.’ बाई तिथेच राहते, एजन्सीचं जाणं थांबतं. अर्ध्या पगाराची हमीही मग कागदावरच राहते, कारण निधीत त्या घराकडून काही येत नाही. एजन्सीच्या बाई अशा घरांतल्या बायकांना बैठकीला बोलावतात, त्या येतात, पण घरात शिरून ओटा बघता येत नाही. फी थांबली की करार संपवून तसं घराला आणि बाईला दोघांना लेखी कळवावं, म्हणजे आपण कुणाच्या नजरेखाली नाही हे निदान दोघांना ठाऊक असेल, असं मी सुचवलं आहे. बाईंना ते कठोर वाटतं. बाईचा आधार आपणच काढून घेतो असं त्यांना वाटतं. पुढच्या बैठकीत ते बायकांसमोरच मांडायचं ठरलं आहे.